लांब रेघेचा सिद्धांत

२ जानेवारी

नवं वर्ष, नवी वही, नवा मी. काल वही शोधण्यात दिवस गेला, तो धरायचा नाही.

ही रोजनिशी कोणी वाचायची नाही. ताई, तू हे वाचत असशील तर लाज बाळग आणि वही होती तिथे ठेव.

संकल्प दोनच. एक, राग आवरायचा. दुसरा, वर्षभरात असं काही करून दाखवायचं की कॉलेजनं आपणहून मला न्यायला यावं. कॉलेज मी सोडलंय, कॉलेजनं मला काढलेलं नाही. हा फरक घरात कोणाला कळत नाही. संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी फळ्यावर गोल आलेख काढला, टक्क्यांची बेरीज झाली १०१. मी उभं राहून दाखवून दिलं. म्हणाले, बस खाली, होतं असं कधीकधी. होतं असं कधीकधी! शास्त्रात! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पडताना दार असं ओढलं की मूठ हातात आली. ती अजून टेबलावर आहे. पेपरवेट म्हणून झकास.

आजपासून नोकरी. संशोधन संस्थेची लायब्ररी, तीन महिन्यांचं तात्पुरतं काम. संस्थेतल्या लोकांनी तीस वर्षांत लिहिलेले शोधनिबंध, एकूण दोन हजार एकशे चाळीस, प्रत्येकाचं नाव, लेखक आणि वर्ष कॉम्प्युटरवर चढवायचं. मग त्यातून एक मोठं चित्र काढायचं: कोणते विषय वर चढले, कोणते बसले, कोणी कोणाबरोबर लिहिलं. वीस फेब्रुवारीला संस्थेचा स्थापना दिवस. त्या दिवशी चित्र वाचनालयाच्या भिंतीवर लागणार.

लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, घाई करू नकोस बाळा, नीट बघून टाइप कर. मी म्हटलं, बाई, माझी नजर म्हणजे नजर आहे.

खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी बसते. पीएच.डी. करते. विषय गांडुळं. आजपर्यंत मला गांडुळांबद्दल काहीच वाटत नव्हतं, याची खंत वाटते.

५ जानेवारी

तिनं मला विचारलं, स्टेपलर आहे का?

आता विचार करण्यासारखी गोष्ट आहे. स्टेपलर बाईंकडे असतो, हे अख्ख्या लायब्ररीला माहीत आहे. मग मलाच का विचारलं? मी बाईंचा स्टेपलर धावत नेऊन दिला. ती म्हणाली, थँक्यू, आणि मॅडम नको म्हणूस, म्हातारं झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, बरं मॅडम.

घरी आल्यावर आरशासमोर तिचं नाव घेऊन बघितलं. जमलं नाही. या वहीतही जमत नाहीये. ‘ती’ पुरे.

१० जानेवारी, दुपारी ३

चित्र काढायचं सॉफ्टवेअर मिळालं. फुकट आहे. सोबत एकशे बारा पानांचं मॅन्युअल आलं, ते उघडलं नाही. पोहायला शिकताना कोणी पुस्तक वाचतं का?

काम सोपं आहे. प्रत्येक लेखकाचं एक वर्तुळ. दोघांनी मिळून निबंध लिहिला की त्यांच्यात रेघ. पण काही रेघा आखूड, काही लांब. का? सगळे इथे अडकले असते. मी अर्ध्या तासात शोधून काढलं. रेघ जितकी लांब, तितकं नातं खोल. साधी गोष्ट आहे, मोठ्या प्रेमाला मोठी रेघ लागणार.

पडताळाही मिळाला. सगळ्यांत लांब रेघ आहे संस्थेच्या संचालकांची आणि निवृत्त झालेल्या गांडूळसरांची. (खरं नाव वेगळं आहे, पण गांडुळांवर आयुष्य घालवलं म्हणून शिपाईसुद्धा त्यांना गांडूळसरच म्हणतात.) साडेदहा बोटं भरली. बाईंना सांगितलं तर त्या विचित्र हसल्या. म्हणाल्या, अरे, त्या दोघांनी बारा वर्षांपूर्वी एक निबंध लिहिला, पहिलं नाव कोणाचं यावरून फाटलं, तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

बघा. मुरलेल्या मैत्रीत बोलावं लागत नाही.

१६ जानेवारी

वाईट दिवस. तिचं वर्तुळ सापडलं. सुंदर आहे, किंचित डावीकडे. पण त्याला रेघ आहे, आणि रेघेच्या दुसऱ्या टोकाला उंट आहे.

उंट म्हणजे मातीच्या प्रयोगशाळेतला तो लांबडा. दार लहान असल्यासारखा वाकून आत येतो. मला ‘मित्रा’ म्हणतो. मी कधी झालो याचा मित्र?

जेवताना गप्प होतो. आई म्हणाली, बरं नाही का रे? ताई म्हणाली, त्याला बरंच आहे गं, जरा जास्तच बरं आहे, काल इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता लायब्ररीत. मी ताट ढकलून उठलो. राग आवरायचा संकल्प लायब्ररीपुरता आहे, घराला लागू नाही.

१७ जानेवारी

माणसानं भावनेच्या आहारी न जाता डेटाकडे बघावं.

आज एकेका वर्षाचं वेगळं चित्र काढलं. चार वर्षांपूर्वी ती आणि उंट यांच्यातली रेघ: चार बोटं. तीन वर्षांपूर्वी: दोन बोटं. दोन वर्षांपूर्वी: अर्धं बोट. गेल्या वर्षीच्या फायली अजून टाइप व्हायच्यात, पण कल आंधळ्यालाही दिसावा असा आहे. विझत चाललंय.

कसला थंड डोक्यानं शोध लावला मी! शिट्टी वाजवत होतो. बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर ‘शांतता राखा’ असं आहे.

२३ जानेवारी

आजचा शोध त्याहून मोठा. विषयांचा आलेख काढला आणि खुर्चीतून उठलोच. गांडुळं! चोवीस वर्षं जमिनीलगत सरपटतायत, आणि सहा वर्षांपूर्वी एकदम आकाशाला भिडतात. एका वर्षात दोनशे बारा निबंध! तिचा विषय म्हणजे या संस्थेतला सगळ्यांत मोठा उद्रेक, आणि तो शोधला कोणी?

तडक तिला दाखवायला नेलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली. म्हणाली, अरे, सहा वर्षांपूर्वी इथे गांडुळांवर काम करणारी माणसं होती चार. दोनशे बारा लिहिले कोणी, गांडुळांनी?

मला राग आला. (तिचा नाही. परिस्थितीचा.) मी म्हटलं, चित्र खोटं बोलत नाही. उंट शेजारी उभा होताच. म्हणाला, मित्रा, चित्र नाही बोलत, पण चित्रात घातलेलं बोलतं कधीकधी.

‘कधीकधी’. विभागप्रमुखांचाच शब्द. हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

२४ जानेवारी

थोडा घोळ झाला आहे.

प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे, त्यात ठसठशीत तारीख. मी वर्ष म्हणून तेच टाइप करत होतो. तो शिक्का निबंध छापल्याचा नाही, लायब्ररीत आल्याचा आहे. सहा वर्षांपूर्वी गांडूळसर निवृत्त झाले, आयुष्यभर साठवलेली दोन कपाटं लायब्ररीला देऊन गेले, आणि बाईंनी एका दुपारी बसून सगळ्यांवर शिक्के मारले. म्हणजे माझा उद्रेक म्हणजे बाईंचा हात.

खरं वर्ष पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात असतं. मला विचाराल तर दोष छापणाऱ्यांचा आहे. महत्त्वाची गोष्ट कोणी अशी खाली, बारीक अक्षरात लिहितं का?

चौदाशे नोंदी पुन्हा तपासायच्या. बाई रागावल्या नाहीत, हे फार लागलं. नुसतं म्हणाल्या, तुझी नजर म्हणजे नजर आहे ना, मग होईल.

घरी आई म्हणाली, चुकलं तर चुकलं म्हणावं रे. ताई म्हणाली, तो म्हणेल, पण आधी शिक्क्याला माफी मागायला लावेल.

२८ जानेवारी

नशीब बघा कसं असतं. माझ्या घोळामुळे ती रोज साडेचार वाजता मदतीला येते! तिनं वर्ष वाचायचं, मी टाइप करायचं. ‘एकोणीसशे सत्त्याण्णव’ हा शब्द इतका गोड आहे हे माहीत नव्हतं.

उंटही येतो. कपाटातले गठ्ठे काढून देणं एवढंच त्याचं काम. उंची आहे, मेंदू नसला तरी चालतं.

१ फेब्रुवारी

निरीक्षण. ती आणि उंट एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. आज त्यानं संत्रं सोललं, एकेक फोड तिच्या कागदावर ठेवत गेला. तिनं वर न बघता खाल्ली. ना थँक्यू, ना काही. मग तिला पाणी लागलं, तिनं हात पुढे केला, त्यानं बाटली दिली. एक शब्द नाही. मला मात्र ती दर दहा मिनिटांनी म्हणते, थांब थांब, चुकीचं टाइप केलंस.

किती तुटलंय त्यांच्यात. क्षणभर उंटाची कीव आली.

४ फेब्रुवारी

विषयांच्या टक्केवारीचा गोल आलेख केला. बेरीज १०१. तीनदा केली. १०१.

उंट म्हणाला, मित्रा, प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकात आणला की होतं असं, चूक नाहीये ती.

या विषयावर आज काही लिहायचं नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४०

संपलं! सगळ्या दोन हजार एकशे चाळीस नोंदी बरोबर. गांडुळं आता शहाण्यासारखी हळूहळू वर चढतात, दरवर्षी थोडी. तिनं बघून म्हटलं, हं, हे आता आमच्यासारखं दिसतंय.

पण खरी बातमी पुढे आहे. गेल्या वर्षीचं वेगळं चित्र काढलं. ती आणि उंट यांच्यात रेघच नाही! भिंग लावून बघितलं. शून्य बोटं! संपलं सगळं!

एक तांत्रिक अडचण आहे. मोठ्या चित्रातही त्या दोघांची वर्तुळं एकमेकांवर चढून बसतात. जागा कमी पडत असावी. मी माउसनं तिचं वर्तुळ ओढून मोकळ्या जागेत नेलं, सोडलं की टुणकन उडी मारून परत उंटावर. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. सॉफ्टवेअर बावळट आहे. फुकटचं ते फुकटचंच.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात आपोआप दोन ओळी छापून येत होत्या, बारीक अक्षरात. शोभा जात होती. त्यांच्यावर गांडुळाचं छान रंगीत चित्र डकवलं.

१२ फेब्रुवारी

आजची तारीख लाल पेनानं लिहिली आहे.

ती म्हणाली, तीस वर्षांतल्या गांडूळ-संशोधनावर छोटा निबंध करतेय, संस्थेच्या वार्षिक अंकासाठी, तू एवढं राबलास, त्यावर तुझं नाव घालणार. तिच्या नावाशेजारी माझं नाव! मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, आणि वीस तारखेला कार्यक्रम झाला की लगेच पळू नकोस, तुला एक सांगायचंय, आणि एक मागायचंय.

मागायचंय.

माझ्याकडे आहे काय मागण्यासारखं? मी विचार केला. एकच गोष्ट आहे.

१५ फेब्रुवारी

ठरलं. तिनं सांगायच्या आधी आपणच बोलायचं, चित्रासमोर उभं राहून. पुरुषासारखं. नवा शर्ट घेतला. ताईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आई म्हणाली, गुडघ्याला तरी बांधू दे गं, एरवी तो कुठे काय पूर्ण करतो.

बाईंनी कॉलेजच्या पुनर्प्रवेशाचा फॉर्म आणून दिला. मुदत एकवीस तारीख. सोबत माफीचं पत्र हवं म्हणे. मी म्हटलं, बाई, कॉलेजला मी हवा असेन तर ते येतील. बाई म्हणाल्या, कॉलेजला पाय नसतात बाळा.

फॉर्मची मागची बाजू कोरी आणि कागद जाड. त्यावर भाषण लिहिलं. सुरुवात अशी: ‘तुझ्यामाझ्यातली रेघ कोणतंही सॉफ्टवेअर काढू शकणार नाही, कारण ती क्षितिजाएवढी लांब आहे.’ पाठ करताना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

२० फेब्रुवारी, सकाळी ८

शर्ट बसतो. कॉलर थोडी काचते. भाषण खिशात. आज संध्याकाळी या वहीत जे लिहीन ते जपून ठेवावं लागेल.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

काय झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे पुन्हा आठवावं लागणार नाही.

चित्र आठ फूट, भिंतभर. गर्दी चांगली. संचालक आले. गांडूळसर काठी टेकत आले आणि संचालकांपासून चार माणसं सोडून उभे राहिले. पाहुणे म्हणून संख्याशास्त्राचे विभागप्रमुख आले. हो, तेच. माझ्या हाताला दाराची मूठ आठवली.

मी मनात म्हटलं, बरंच झालं, यांनाही दिसू दे.

संचालकांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं, ही एवढी लांब रेघ कसली? मी खणखणीत आवाजात म्हणालो, सर, ती आपली आणि गांडूळसरांची. लांब रेघ म्हणजे खोल जिव्हाळा. या संस्थेत आपल्या दोघांइतकं घट्ट नातं दुसरं नाही.

संचालक लाल झाले. गांडूळसर मोठ्यांदा म्हणाले, काय? काय म्हणतोय? कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. मग ते असे हसायला लागले की काठी पडली. काठी उचलून दिली संचालकांनी. बारा वर्षांत पहिल्यांदा, असं बाई नंतर म्हणाल्या. मला त्याचं श्रेय कोणी दिलं नाही.

विभागप्रमुख पुढे आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं, त्याला मला उत्तर देता येतं. माझं गांडूळ नखानं अलगद उचकटलं. खालच्या दोन ओळी वाचल्या: जे जितके जास्त वेळा एकत्र लिहितात, त्यांची वर्तुळं तितकी जवळ. मग हळू म्हणाले, रेघ लांब म्हणजे माणसं लांब, बाळा.

आणि मग सगळे चित्रात आपापल्या ओळखीची वर्तुळं शोधायला लागले. एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं सापडायला फार वेळ लागला नाही. कोणीतरी म्हणालं, अगंबाई, यांच्यात तर हवाही जात नाही! हशा पिकला. ती लाजली. उंट छताकडे बघत होता. त्याला छत जवळच पडतं.

मी खिशातला हात तसाच खिशात ठेवला.

नंतर ती आली. सांगायचं होतं ते हे, की एप्रिलमध्ये त्यांचं लग्न आहे. मागायचं होतं ते हे, की माझं चित्र लग्नाच्या पत्रिकेवर छापायला मिळेल का. सगळं नको, त्यांच्या दोन वर्तुळांपुरतं.

म्हणाली, इतकं छान कोणी आम्हाला दाखवलंच नव्हतं.

मी म्हटलं, हो, देतो. आणि आणखी म्हटलं, रिझोल्यूशन चांगलं लागेल. का म्हटलं, माहीत नाही.

उंटानं खांद्यावर हात ठेवला. मित्रा म्हणाला. मी झटकला नाही.

२१ फेब्रुवारी

जेवलो नाही. मग ताईनं ताट खोलीत आणून ठेवलं आणि काहीच बोलली नाही. ताई गप्प म्हणजे प्रकरण गंभीर. जेवलो.

फॉर्मची आज शेवटची तारीख. सकाळी कोणाला न सांगता गेलो. माफीच्या पत्रात एकच वाक्य लिहिलं, की बेरीज १०१ येते कधीकधी. विभागप्रमुखांनी वाचलं. फॉर्म वाचला. मग उलटला.

मागची बाजू मी विसरलो होतो.

त्यांनी सगळं वाचलं. क्षितिजापर्यंत. चष्मा काढून पुसला. सही केली. म्हणाले, जूनमध्ये ये, आणि ती मूठ घेऊन ये, दोन वर्षं आम्ही ते दार सुतळीनं ओढतोय.

२ मार्च

मॅन्युअल वाचायला घेतलं. पान सहा. वर्तुळं, रेघा आणि अंतर यांचं सगळं पान सहावर आहे. नऊ मिनिटं लागली असती.

पत्रिकेसाठी फाइल पाठवली. दोन वेळा तपासून.

१४ मार्च

नोकरीचे शेवटचे दोन आठवडे. संस्थेचा वार्षिक अंक आला. तिचा निबंध त्यात आहे. नावं तीन: ती, उंट, मी. आईनं ते पान कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं. ताई म्हणाली, याचं नाव शेवटी का? मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, छान दिसतंय पण.

नवा निबंध आला की त्याची नोंद करायची, हे माझंच काम. केली. वर्ष तळाच्या बारीक अक्षरांतून घेतलं. बटण दाबलं.

चित्र जरा हललं आणि काठावर एक नवं वर्तुळ उगवलं. मोहरीएवढं. मी.

आतमध्ये ती दोघं एकमेकांवर. तिथून एक रेघ निघाली ती सगळं चित्र ओलांडून माझ्यापाशी आली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, अजून लिहिशील तसा सरकशील आत.

त्या गेल्यावर बोटं लावून मोजली. अकरा. संचालक आणि गांडूळसरांपेक्षा अर्धं बोट जास्त.